सपाट माप

मला चमचा म्हणा, माप म्हणा, नाहीतर नुसते 'ते डब्यातले' म्हणा. या घरात तिन्ही नावांनी माझी शोधाशोध झाली आहे. एके काळी मी पांढराशुभ्र होतो. आता जुन्या दातासारखा पिवळा पडलो आहे आणि कडेचा एक टवका उडाला आहे. दांड्याला भोक पाडून त्यात सुतळी ओवली आहे, तिच्या आधाराने मी गॅलरीतल्या खिळ्याला लटकतो. मित्रांनो, प्लॅस्टिकच्या चमच्याला सांगण्यासारखे काय आयुष्य असणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. पण एका चांगल्या माणसाच्या हातून एकच चूक दोनदा झाली, मधे एकोणतीस वर्षे गेली, आणि दोन्ही वेळा त्याच्या हातात मी होतो. म्हणून सांगतो आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. तिथून माझी रवानगी थेट तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरीच्या डब्यात झाली. डबा बंद झाला आणि मी अंधारात, पावडरीत गळ्यापर्यंत बुडून वाट पाहत राहिलो. कोणाची, ते मला ठाऊक नव्हते.

डबा उघडला तो आईने. घरात तिला सगळे आईच म्हणत, म्हणून मीही आईच म्हणतो. ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून द्यायचे तिचे काम. स्वतः बोले मात्र मोजके, आणि तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. बाबा वजनमापांच्या खात्यात निरीक्षक होते. बाजारात ते दिसले की दुकानदार घाईघाईने तराजू पुसायला लागत. खोटे वजन ते नुसते तळहातावर घेऊन ओळखत, अशी त्यांची ख्याती होती. त्यांची लेक दिवस भरायच्या आधीच जन्मली. एवढीशी, अगदी चिमूटभर. म्हणून तिचे नाव चिमूट पडले, ते आजतागायत.

तिला आईचे दूध पुरत नव्हते. डॉक्टरांनी मला उजेडात धरून दोघांना बजावले, "इतक्या पाण्याला एकच चमचा. शिगेनं भरायचा नाही, वर आलेला ढीग सुरीच्या पाठीनं काढून टाकायचा. एवढ्याशा पोटाला जास्तीचं झेपत नाही."

आई तसेच करी. सुरीची पाठ माझ्या तोंडावरून फिरली की वरची शीग डब्यात परत पडे आणि मी काठोकाठ सपाट होई. मला त्याचा गर्व वाटू लागला होता. माझ्या काठाच्या वर या घरात काही जात नाही, असे मला वाटे. चिमूट हळूहळू बाळसे धरू लागली.

मग आईची रजा संपली. पहिल्या दिवशी दुपारी चिमूटजवळ बाबा राहिले. ती रडायला लागली. त्यांनी तिला पाजले, तरी ती रडतच राहिली. त्यांनी तिचे मनगट दोन बोटांत धरून पाहिले, ते मावूनही जागा उरली. मला डब्यात खुपसून त्यांनी शिगोशीग भरून बाहेर काढले. एकदा आणि मग पुन्हा एकदा, तेवढ्याच पाण्यात. सुरी शेजारीच पडली होती.

"पी बाळा, पी. उपाशी नको राहूस," ते म्हणत होते.

दिवसभर दुसऱ्यांची मापे तपासणाऱ्या माणसाला आपल्या हातातली शीग दिसली नाही. किंवा दिसली असेल, पण काढून टाकवली नसेल.

संध्याकाळपर्यंत चिमूट उलट्या करून मलूल पडली. चार दिवस ती दवाखान्यात होती. पाचव्या दिवशी तिला घेऊन आई घरी आली, पाळण्यात ठेवले, डब्यात डोकावून पावडर किती खाली गेली आहे ते पाहिले, आणि तिला कळायचे ते कळले. ती एवढेच म्हणाली, "अहो, माया शिगेनं वाढायची नसते." बाबा मान खाली घालून उभे होते. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही आणि चार माणसांत कोणाला सांगितलाही नाही. चिमूटला तर तो मोठेपणीही कळला नाही. बाबांनी त्या दिवसापासून मला हात लावला नाही.

पुढे दुधाचे डबे बंद झाले. माझी जागा स्वयंपाकघरातल्या त्या ड्रॉवरमध्ये झाली, जिथे मेणबत्त्यांचे तुकडे आणि कुलपे हरवलेल्या किल्ल्या असतात. तिथे मी सहा वर्षे पडून होतो. कामाची वस्तू अडगळीत गेली की तिचा गर्व आपोआप उतरतो.

माझे नशीब उघडले ते एका लिंबाच्या बीमुळे. सहा वर्षांच्या चिमूटने ती गॅलरीतल्या रिकाम्या कुंडीत बोटाने खोचली आणि विसरून गेली. आई विसरली नाही. कोंब आला, रोप झाले, कुंडी बदलावी लागली. तेव्हा आई चिमूटचा हात धरून रोपवाटिकेत गेली. तिथल्या मालकांना सगळे माळीकाका म्हणत. खताच्या पिशव्यांवरचे बारीक अक्षर वाचत आई अर्धा तास उभी राहिली, असे चिमूटने घरी येऊन सांगितले.

"बाई, पुस्तकं पुढच्या गल्लीत मिळतात," माळीकाका म्हणाले होते.

"पोटात घालायचं ते वाचून घ्यावं," आई म्हणाली. "मग पोट माझं असो की झाडाचं."

हे ऐकून माळीकाका खूश झाले आणि त्यांनी पिशवीवरचे तीन आकडे तिला समजावून दिले. पहिला आकडा नत्राचा, तो पानांसाठी. दुसरा स्फुरदाचा, मुळांसाठी आणि फुलांसाठी. तिसरा पालाशचा, तो फळांसाठी आणि झाडाच्या अंगातल्या ताकदीसाठी. "पण मोठा आकडा म्हणजे चांगलं खत, असं समजू नका," ते म्हणाले. "जमिनीतल्या झाडाची मुळं नको तिथून लांब जातात. कुंडीतल्या झाडाला पळायला जागा नाही. तुम्ही द्याल ते त्याला गिळावंच लागतं." आईने मातीत मिसळायला गांडूळखत घेतले आणि वरून द्यायला लहान आकड्यांच्या, हळूहळू विरघळणाऱ्या दाण्यांची एक छोटी पिशवी.

घरी येऊन तिने सगळा ड्रॉवर उपसला. मी तिच्या हाती लागलो तेव्हा ती क्षणभर थांबली आणि मला तिने पदराने पुसले.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. आई आधी पाणी घाली, मग खोडापासून लांब, कुंडीच्या कडेकडेने खत पसरी आणि पुन्हा पाणी देई. गुलाबाला एक चमचा, टोमॅटोला एक. लिंबू वाढत वाढत अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात गेले होते, त्याला दोन. दीड महिन्यातून एकदा, थंडीत अजिबात नाही. प्रत्येक वेळी सुरीची पाठ माझ्या तोंडावरून फिरे. खत दिले की ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर हिरव्या पेनाने एक टिंब काढी. तेवढीच तिची नोंद, बाकी सगळे तिच्या डोक्यात.

नवव्या वर्षी लिंबाला फळ धरले. शेजारीण कठड्यावरून वाकून विचारायची, "अहो, काय घालता तरी काय या झाडाला?"

"कमी घालते," आई सांगायची. शेजारणीला वाटे, ही काहीतरी लपवते आहे.

बाबा हे सगळे आत खुर्चीत बसून पाहत. कधी बादली उचलून देत, कधी वाळलेली पाने वेचत. मी खिळ्यावर टांगलेला असलो की त्या बाजूला मात्र ते बघत नसत.

चिमूट एकोणतीस वर्षांची असताना आई आजारी पडली. चार महिन्यांत सगळे आटोपले. बाबा निवृत्त झाले होते, ते सकाळी दवाखान्यात तिच्याजवळ असत आणि संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातून सुटल्यावर चिमूट जाई. चिमूट त्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. एका सकाळी आई बाबांना म्हणाली, "लिंबाकडे लक्ष ठेवा हं." त्याच संध्याकाळी ती चिमूटला म्हणाली, "लिंबाकडे लक्ष ठेव गं." दोघांनाही वाटले, ही जबाबदारी फक्त आपल्यावर टाकली आहे. दोघांनीही ती एखाद्या ठेवीसारखी मनात ठेवली आणि दुसऱ्याला सांगितली नाही. मला हे सगळे नंतर कळले.

आई गेल्यावर घरातली बोलणी आखडली. "मीठ दे." "उद्या नळ दुरुस्तीवाला येणार आहे." "गुडघ्याची गोळी घेतलीत का?" यापलीकडे शब्द जात नसे. आईचा विषय काढला तर समोरचा कोसळेल, या भीतीने दोघेही तिचे नावच घेत नव्हते. कॅलेंडरचे पान ती गेली त्या महिन्यावरच थांबले होते. ते उलटायचे धाडस कोणाला झाले नाही.

पहाटे बाबा फिरायला गेले की चिमूट गॅलरीचे दार उघडे. दहा वाजता चिमूट कामाला गेली की बाबा उघडत. पहिल्यांदा त्यांनी मला खिळ्यावरून काढले आणि तळहातावर घेतले. इतक्या वर्षांनी तो तळहात मी लगेच ओळखला.

आईची पिशवी संपत आली होती. बाबांनी बाजारातून स्वतःच नवीन आणली. दुकानात ज्या पिशवीवर सगळ्यात मोठे आकडे होते ती, कारण लिंबाला कमी पडायला नको. ती त्यांनी चपलांच्या कपाटामागे ठेवली. चिमूटने दुसऱ्या दुकानातून निळ्या भुकटीचे पाकीट आणले. त्यावर फळांनी लगडलेल्या फांदीचे चित्र होते. ते तिने कपडे धुण्याच्या मशीनमागे ठेवले. बाबांनी आकडा पाहिला, चिमूटने चित्र पाहिले आणि बारीक अक्षर दोघांनीही वाचले नाही. एक लोकांची मापे तपासणारा, एक लोकांची नजर तपासणारी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दर आठवड्याला दोघेही खत घालत होते. दोघेही मला शिगोशीग भरत होते आणि सुरी स्वयंपाकघरातून बाहेर आणायचे कोणालाच सुचत नव्हते. खत देताना चिमूट हळूच म्हणे, "आई, बघ, विसरले नाही मी." रिकामा झाल्यावर बाबा मला नुसते हातात धरून बसत.

महिन्याभरात लिंबाच्या पानांच्या कडा विस्तवाने चाटल्यासारख्या तपकिरी झाल्या. मातीवर पांढरी खपली धरली. मग पाने गळू लागली. बाबांना वाटले, झाड भुकेले आहे, म्हणून त्यांनी एक चमचा वाढवला. चिमूटलाही तेच वाटले, तिनेही वाढवला. माती ओली असून झाड माना टाकत होते आणि मी दर आठवड्याला त्याच्या पायाशी तेच ओतत होतो. मित्रांनो, मला फार ओरडावेसे वाटे. पण मला तोंड आहे ते फक्त भरण्यासाठी.

एके पहाटे गुडघा धरला म्हणून बाबा अर्ध्या वाटेतून परत आले. गॅलरीचे दार उघडे होते. पिंपाजवळ चिमूट उकिडवी बसली होती आणि तिच्या हातात मी होतो, निळ्या भुकटीने भरलेला.

"काय करतेस गं?"

ती दचकली. "खत घालतेय, बाबा."

"कधीपासून?"

"आई गेल्यापासून. ती मला सांगून गेली होती, लिंबाकडे लक्ष ठेव म्हणून."

"तुला?" बाबा दाराला धरून उभे राहिले. "मला सांगितलं होतं तिनं."

मग बाबा आत गेले आणि चपलांच्या कपाटामागची पिशवी घेऊन आले. ती त्यांनी निळ्या पाकिटाशेजारी ठेवली. दोन्ही जवळजवळ रिकामी होती. चिमूटने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा झाडाकडे पाहिले.

"बाबा, मग बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठं बोललीस?"

झाडावर तेव्हा मोजून अकरा पाने उरली होती.

माळीकाकांना बोलावून आणले. आता तेही थकले होते, जिना चढून येताना दोनदा थांबले. त्यांनी एक पान चुरगाळले, पांढरी खपली जिभेला लावून थुंकली आणि नखाने खोड खरवडले. वरच्या अंगाला सालीखाली तपकिरी निघाले. अगदी बुडाशी, वीतभर तेवढे हिरवे होते.

"उपाशी नाही हो हे," ते म्हणाले. "याला अजीर्ण झालंय. मुळं पोळलीत. किती घालत होता?"

चिमूटने आपले चमचे सांगितले, बाबांनी आपले. माळीकाकांनी मला उचलून पाहिले.

"सपाट की शिगेनं?"

बाबा हळूहळू खाली स्टुलावर बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. माळीकाकांना वाटले, झाडाचेच दुःख आहे.

त्यांनी काय करायचे ते सांगितले. वरची खपली धरलेली माती काढून टाका. पिंपाच्या बुडातून निथळून जाईल इतके पाणी घाला, थांबा, पुन्हा घाला, असे चार वेळा. मेलेले कापा. आणि खताचा दाणासुद्धा दाखवू नका.

"जगेल का?" चिमूटने विचारले.

"सांगता येत नाही. आता त्याच्या पाठीमागे लागू नका. लोकांना हेच सगळ्यात जड जातं."

त्या दिवशी चिमूट कामावर गेली नाही. ती बादल्या भरून आणत होती आणि बाबा मगाने पाणी सोडत होते. पिंपाखालून पिवळट पाणी वाहत होते. तिसऱ्या फेरीला बाबांचा हात थांबला.

"चिमूट, हे मी दुसऱ्यांदा केलंय."

"काय?"

मग त्यांनी तिला ती दुपार सांगितली. दुधाची, दोन बोटांत मावलेल्या मनगटाची, चमच्यावरच्या शिगेची आणि दवाखान्यातल्या चार दिवसांची. मगाकडे पाहत, एका दमात सांगितली. "तुझ्या आईनं कधी टोमणासुद्धा मारला नाही," ते शेवटी म्हणाले. "तेच जास्त लागत राहिलं. आणि बघ, तिची पाठ फिरली आणि मी पुन्हा तेच केलं."

चिमूटने बादली खाली ठेवली. तिने मला पिंपाच्या काठावरून उचलले आणि असे पाहिले, जणू मी आजच या घरात आलो आहे.

"याच चमच्यानं?"

"याच."

"किती घातले होते?"

"दोन. शिगोशीग."

"आणि मी प्यायले?"

"सगळं. शेवटच्या थेंबापर्यंत."

"मग थोडी चूक माझीही आहे," ती म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. बाबाही रडले. आई गेल्यानंतर ते दोघे एकत्र रडले ते त्या दिवशी, ओल्या गॅलरीत. मग चौथी बादली घालताना आणि नंतर पाणी निथळेपर्यंत ते आईबद्दल बोलत बसले. ती खतांच्या पिशव्या कशी वाचायची, फोनवर अनोळखी माणसांशी कशी बोलायची. दुपारी चिमूटने जुने कॅलेंडर भिंतीवरून काढले, जपून गुंडाळले आणि कपाटात ठेवले. त्याच खिळ्यावर तिने नवे लावले.

झाड कापल्यावर खाली फक्त वीतभर खुंट उरला. मग वाट पाहणे सुरू झाले. बाबा दिवसातून दहा वेळा गॅलरीच्या दारापर्यंत येत आणि हात पाठीमागे बांधून उभे राहत. त्यांचे बोट मातीत जाऊन ओल बघे आणि मुकाट्याने परत येई. काहीतरी द्यावे, काहीतरी करावे, असे त्यांना किती वाटत असेल ते मला दिसत होते. पण त्यांनी मला खिळ्यावरून काढले नाही. खरे सांगतो, त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात कठीण काम मी तेव्हा पाहिले.

सातव्या आठवड्यात खुंटाच्या बुडाशी, कोणाचे लक्ष नव्हते त्या बाजूने, एक कोंब फुटला. चिमूटने तो आधी पाहिला आणि ती धावत आत गेली नाही. तिथूनच हाक मारली, "बाबा, इकडे या. आपण दोघं मिळून बघू."

कोंबाची पाने गडद आणि जाड होईपर्यंत आणखी तीन महिने गेले. मग माळीकाकांनी परवानगी दिली: लहान आकड्यांचे खत, एकच चमचा. दोघे मिळून पिशवी आणायला गेले. घरी येऊन बाबांनी वरचे बारीक अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले. मग स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि मला खिळ्यावरून काढले.

त्यांनी मला भरले. सुरीची पाठ माझ्या तोंडावरून फिरवली. ज्या माणसाने जन्मभर बाजारातली मापे तपासली, त्याने मला दोन्ही हातांत धरून लेकीपुढे केले.

"बघ गं, बरोबर आहे का?"

चिमूट वाकली आणि आपली नजर तिने माझ्या काठाच्या रेषेत आणली. "डावीकडे थोडी शीग आहे, बाबा."

त्यांनी पुन्हा सुरी फिरवली. चार दाणे पिशवीत परत पडले.

"आता बरोबर," ती म्हणाली. खत देऊन, पाणी घालून झाल्यावर तिने कॅलेंडरवर हिरवे टिंब काढले.

लिंबाला अजून फळ नाही. धरेल की नाही, माळीकाकाही सांगत नाहीत. मी मात्र पुन्हा कामाला लागलो आहे आणि दीड महिन्यातून एकदा सुरीची पाठ माझ्या तोंडावरून फिरते. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे झाड असेल, एखादे लहान मूल असेल, एखादे दुखणाईत माणूस असेल, ज्याच्यावर तुमचा फार जीव आहे. त्याला काही भरवण्याआधी घरातल्या दुसऱ्याला एकदा विचारा, "तू दिलंस का?" एवढे मी करू शकलो नाही. माझे तोंड भरण्यासाठी आहे. तुम्हाला तर ते बोलण्यासाठी मिळाले आहे.